बारा व्होल्टचा मास्तर

दादाबद्दल चार ओळी लिही म्हणून ड्रायव्हरांच्या ग्रुपवर तिघांनी सांगितलं. मी आधी तुम्ही काय काय लिहिलंय ते वाचलं. वाचून डोकं फिरलं, म्हणून आता सगळंच लिहिते.

कुणी लिहिलंय देवमाणूस. कुणी लिहिलंय इंजिनाशी बोलायचा. अहो, तो माणसांशी धड बोलायचा नाही, इंजिनाशी कुठून बोलेल? तो शिव्या द्यायचा. इंजिनाला देत नव्हता, ते चालवणाऱ्याला देत होता. वहिनीकडे रोज माणसं येतात, खुर्चीच्या टोकावर बसतात, चहा पितात, फोटोकडे बघून च्च च्च करतात. परवा पिवळा टेम्पोवाला येऊन हुंदके देत होता. ह्या टेम्पोवाल्याला दादाने दोनदा गॅरेजातून हाकललं होतं, आणि बरोबर हाकललं होतं. हा माणूस थंडीत चावी लावली की थेट स्टार्टर मारायचा, घुर्र घुर्र घुर्र, बॅटरी झोपेपर्यंत. आणि मग म्हणायचा, मास्तर, गाडीत दम नाही. दादा म्हणाला होता, "गाडीत आहे. वर खोपडीत नाही." आता तोच रडतोय आणि वहिनीला सांगतोय, मला लहान भावासारखं मानायचे. मी स्वयंपाकघरात होते. पातेलं जरा जोरातच आपटलं.

माझा दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. डिझेलचा मेकॅनिक. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. शाळेत त्याने कधी शिकवलं नाही, शाळेत तो फारसा गेलाही नाही. पण एखादा ड्रायव्हर तावडीत सापडला की त्याला उभं करून अर्धा तास शिकवायचा, म्हणून मास्तर. त्याचं सगळ्यात लाडकं प्रकरण म्हणजे हिटर प्लग.

ग्रुपमध्ये पेट्रोलवाले आहेत, नवीन पोरीबाळीही गाडी चालवायला लागल्यात, त्यांच्यासाठी सांगते. बाकीच्यांनी हा तुकडा सोडून द्या, तसंही तुम्ही काही पूर्ण वाचत नाही. पेट्रोलच्या गाडीत ठिणगी पडते आणि पेट्रोल पेटतं. डिझेलमध्ये ठिणगीच नाही. तिथे हवा दाबतात, इतकी दाबतात की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की आपोआप पेटतं. झालं. पण थंडीत सकाळी इंजिनचं लोखंड बर्फासारखं असतं. हवेची सगळी ऊब ते लोखंडच पिऊन टाकतं. मग डिझेल नुसतं ओलं ओलं आत पडून राहतं. म्हणून प्रत्येक सिलेंडरला एक प्लग असतो, पेन्सिलीएवढा, टोक आत घुसलेलं. चावी अर्धी फिरवली की ते टोक लालभडक होतं. समोर पिवळा दिवा लागतो, गुंडाळलेल्या तारेसारखं चित्र असतं त्यावर. तो विझला की स्टार्टर मारायचा, त्याच्या आधी नाही. एवढी साधी गोष्ट. ह्या साध्या गोष्टीवर दादाने तीस वर्षं लोकांचा अपमान केला.

एक प्लग गेला तर गाडी सुरू होते पण अंगात हीव भरल्यासारखी थरथरते, मागून पांढरा धूर येतो, त्याला कच्च्या डिझेलचा वास असतो. मिनिटाभराने सरळ होते, आणि ड्रायव्हर म्हणतो, चालतंय की! दोन गेले की चालत नाही. लाखभर किलोमीटर झाले की बदलायचे, आणि एक गेला की चारही बदलायचे, कारण चारही एकाच दिवशी कामाला लागलेले असतात, बाकीचे तीन काही अमर नसतात. हे सगळं दादाचं बोलणं, आणि हे सगळं खरं आहे. तो मूर्ख होता असं मी म्हणतच नाही. मूर्ख असता तर बरं झालं असतं, मूर्खाला समजावता येतं.

त्याचा एक खेळ होता. प्लग काढायचा, पकडीत धरायचा, बॅटरीला वायर लावून थेट करंट द्यायचा. टोकापासून लाल होत आला तर चांगला, मधूनच लाल झाला किंवा झालाच नाही तर मेला. लाल झालेल्या टोकावर तो सिगारेट पेटवायचा. भोवती पाच-सहा ड्रायव्हर असायचेच, रिकामटेकडे. ते वा वा करायचे. एवढ्यासाठी सगळं. प्लग तपासायला मीटर मिळतो, प्लग न काढता दोन सेकंदात सांगतो. मी एकदा म्हणाले तर म्हणतो, "मीटरवर सिगारेट पेटते का?"

आता माझ्या गाडीचं. मी व्हॅन चालवते. आठवड्यातून तीन दिवस किडनीच्या पेशंटना डायलिसिसच्या मशीनवर घेऊन जाते, सोमवार, बुधवार, शुक्रवार. चार माणसं आहेत. पहिले आमच्याच बिल्डिंगमधले शिंपीकाका, खालच्या मजल्यावर राहतात. पहिली पाळी सहाची. उशीर झाला की मशीन थांबत नाही, तेवढा वेळ त्यांचा कापला जातो. चार तासांचे तीन तास होतात, आणि शिंपीकाकांचे पाय दुसऱ्या दिवशी चपलेत जात नाहीत. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

ह्या थंडीत गाडी त्रास द्यायला लागली. सोमवारी वीस मिनिटं उशीर. बुधवारी पस्तीस. हॉस्पिटलच्या मॅडमने मला काचेपलीकडून सांगितलं, तोंड वर न करता, "शुक्रवारी उशीर झाला तर रूट दुसऱ्याला देते. लिस्ट तयार आहे माझ्याकडे." मी म्हणाले, मॅडम, थंडी आहे. ती म्हणाली, "मग स्वेटर घाला." विनोद केला तिने. तिच्या केबिनमध्ये हिटर होता.

मी तशीच गाडी दादाकडे नेली. माझी व्हॅन नव्या बनावटीची, सेकंडहॅन्ड घेतलेली, त्याला न विचारता घेतलेली. त्यामुळे त्याचं तोंड आधीच वाकडं.

"आली का खेळणं घेऊन?"

"दादा, शुक्रवारी पहाटे सुरू झाली पाहिजे. नाहीतर रूट जातो माझा."

"धूर कसला?"

"पांढरा. सुरू व्हायच्या आधीपासूनच."

"मग हिटर गेलेत. दोन तरी. एवढं तर आंधळा सांगेल." आणि भोवतीच्या रिकामटेकड्यांकडे बघून, "बहीण आहे म्हणून सांगतोय, नाहीतर हिचेही शिकवणीवर्ग लावले असते."

त्याने चारही प्लग काढले. सुंदर काढले, हे मान्य करते. इंजिन गरम होतं, थेंब थेंब तेल सोडून, पाव फिरवून परत मागे, पाव फिरवून परत मागे. घाई केली की प्लग आतल्या आत तुटतो, मग इंजिनचा वरचा सगळा भाग, हेड, उतरवावा लागतो, गाडी आठ दिवस उभी. दादाचा एकही प्लग कधी तुटला नाही. आणि मग त्याने वायर घेतली आणि खेळ सुरू केला.

पहिला प्लग काहीच झाला नाही. मेलेला. दुसराही मेलेला. तिसरा लावला, तो लाल झालाच नाही, एकदम पांढरा झाला, डोळे दिपले, फट्, आणि गेला. चौथा तसाच, वर टोक जरा फुगलं. दादा म्हणाला, "बघा, चारही गेलेले." सगळे म्हणाले, वा मास्तर. मीसुद्धा मान हलवली. मला काय ठाऊक?

नवे चार मागवले. त्याने नवेही तपासायला घेतले. नवी वस्तू विश्वासाने घेईल तो दादा कसला? पहिला, फट्. दुसरा, फट्. सिगारेट ओठात तशीच. तिसरा. चौथा. आता कुणी वा वा करेना. दादाने चारही प्लग कपड्यात गुंडाळून दुकानदाराकडे परत पाठवले आणि निरोप दिला, "खोटा माल दुसऱ्याला विक, माझ्या दारात पाठवू नकोस."

गुरुवारी सकाळी दुकानदार स्वतः आला. घामाघूम, हातात नवे चार. ह्या दुकानदाराचं मला कधी कौतुक नव्हतं, तो गिऱ्हाईक बघून दात काढतो. पण त्या दिवशी तो सरळ बोलला. "मास्तर, तुम्ही हे बॅटरीवर लावता का?"

"मग काय चुलीवर लावू?"

"अहो, हे पाच व्होल्टचे आहेत. खोक्यावर लिहिलंय. प्लगवरही लिहिलंय, बारीक. ह्या गाडीत त्यांना करंट मोजून देणारी डबी वेगळी असते. दोन सेकंदात तापतात हे. थेट बारा दिले की जळतात."

दादाने प्लग डोळ्यांजवळ नेला. त्याला चष्मा लागला होता, तो घालायचा नाही. मी बघत होते. त्याला आकडा दिसला नाही, आणि दिसला नाही हेही सांगायचं नव्हतं. म्हणाला, "माझी बॅटरी बाराची आहे. तीस वर्षं बाराची आहे. बारा खोटे आणि तुझे पाच खरे?" आणि दुकानदाराच्या नाकासमोर वायर टेकवली. फट्.

दुकानदाराने उरलेले तीन झडप घालून उचलले आणि खिशात टाकले.

मी हिशोब लावला. माझ्या गाडीत दोन मेलेले होते आणि दोन जिवंत. म्हणजे ते दोन जिवंत मास्तरांनी तपासून मारले. मी ते तोंडावर बोलले. सगळ्यांसमोर बोलले, त्याला एकटं गाठून बोलले असते तर कदाचित पुढचं झालं नसतं. पण तो लोकांना एकटं गाठायचा का कधी?

त्याने पाठ फिरवली. जुने चार मेलेले प्लग घेतले, नुसती भोकं बुजवायला, आणि परत बसवायला लागला. फुगलेला होता तो जाईना. कानशीने दोन घासे मारले, ढकलला, आणि असा आवळला की मला त्याच्या मानेची शीर दिसली. "घेऊन जा गाडी. ज्याला पाच व्होल्ट कळतात त्याच्याकडे जा."

रस्त्याच्या पलीकडे दुसरं गॅरेज आहे. तिथला मेकॅनिक पूर्वी दादाचा भागीदार होता. त्याला आमच्याकडे नाव नाही, नुसतं समोरचा. अकरा वर्षं दोघं बोलत नव्हते. लोकांना वाटतं काहीतरी मोठं घडलं असेल. एक गोटी होती, पान्याच्या टोकाला बसवायची, लांब, दहा नंबरची, हिटर प्लग काढायचीच. समोरच्याने नेली आणि तडा जाऊन परत आली. एवढंच. बायकापोरं असलेली दोन घरं ह्या एका गोटीवरून एकमेकांच्या दारात गेली नाहीत. आणि तुम्ही ह्यांना उस्ताद म्हणता.

ऊन वर आलं होतं. ड्रायव्हरांनी धक्का मारून गाडी सुरू करून दिली आणि मी ती वळवून सरळ समोरच्याच्या दारात लावली. दादा आपल्या उंबऱ्यात उभा होता. मी आरशात बघितलं आणि आरसा वळवून टाकला.

समोरचा काही फार थोर नाही. तो बोलताना डोकं खाजवतो आणि पाच मिनिटांचं काम सांगून दिवस लावतो. पण त्याने मीटर काढला, करंट देणारी डबी तपासली, ती चांगली होती. दुकानदाराने खिशातले तीन काढले आणि चौथा नवा प्लग आणून दिला. अर्धा तास इंजिन चालू ठेवून गरम केलं. तीन प्लग निघाले. चौथा, तो फुगलेला, हलेना.

त्याने पाना खाली ठेवला. "ताई, आता मी जोर लावला तर टोक आत पडेल. मग हेड उतरवायचं. शुक्रवार विसरा."

"मग?"

"हा मास्तरने बसवलाय. किती आवळलाय, कुठे अडकलाय ते त्याच्या हाताला ठाऊक. त्याला बोलवा."

मी रस्ता ओलांडला. दादा स्टुलावर बसून उगीच एक पंप पुसत होता.

"दादा, तू आवळलास, तू काढ."

"त्याच्या दारात मी पाय ठेवणार नाही."

"इंजिन गार व्हायला लागलंय. गार झालं की निघणार नाही, तूच शिकवतोस ना जगाला?"

"गाडी इकडे आण."

परत गेले. समोरचा म्हणाला, "माझं अर्धं काम झालेली गाडी मी त्याच्याकडे पाठवणार नाही. लोक काय म्हणतील?"

मला सांगा, दोन पन्नाशीची माणसं! खालच्या मजल्यावर एक म्हातारा उद्या पाय सुजवून घेणार, आणि ह्यांचं दार आणि ह्यांचं दार. मी हँडब्रेक सोडला आणि ओरडले, ढकला रे! दुकानदार, पिवळा टेम्पोवाला, दोन-तीन रिकामटेकडे, सगळ्यांनी ढकलली. रस्त्याच्या बरोब्बर मध्यावर मी ब्रेक मारला आणि बॉनेट उघडलं. दोन्हीकडून हॉर्न सुरू झाले. एक रिक्षावाला माझ्या खानदानाचा उद्धार करायला लागला. मी म्हणाले, "हे कुणाचंच दार नाही. या आता."

दोघे आले. एक इकडून, एक तिकडून. एकमेकांकडे बघितलं नाही.

दादाने हात पुढे केला. "गोटी."

समोरच्याने दिली. अकरा वर्षांनी हा एक शब्द, आणि तोही त्याच वस्तूचा. मला हसूही आलं नाही, इतका संताप होता.

पंधरा मिनिटं लागली. दादाने एक हात इंजिनवर ठेवला, दुसऱ्याने पाना धरला. घट्ट करायच्या दिशेला जरासा, मग मागे. थेंबभर तेल. थांबला. हॉर्न वाजत होते, त्याला ऐकूच येत नव्हते. परत जरासा. कपाळावरचा घाम नाकावर आला तरी पुसला नाही. मग मऊ आवाज झाला आणि प्लग फिरायला लागला. बाहेर काढला, टोक जागेवर, अख्खा.

कुणी वा वा केलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं अडकवला कुणी.

नवे प्लग मी त्याच्यासमोर धरले. त्याने घेतले नाहीत. समोरच्याला म्हणाला, "टॉर्कच्या पान्याने, मोजून आवळ. हाताने नको." आणि आपल्या गॅरेजात निघून गेला. मी मनात म्हणाले, हे शहाणपण सकाळी कुठे गेलं होतं?

शुक्रवारी पहाटे पाचला मी खाली आले. काचेवर दव गोठलेलं. शिंपीकाका मफलर गुंडाळून मागे बसले होते, गुडघ्यावर पिशवी. म्हणाले, "पोरी, होईल ना?" मी चावी अर्धी फिरवली. पिवळा दिवा लागला आणि लगेच विझला. स्टार्टर मारला. एका दमात सुरू झाली. थरथर नाही, धूर नाही, काही नाही.

गल्लीच्या तोंडाशी दिव्याच्या प्रकाशात दादा उभा होता. स्वेटर उलटा घातलेला, कानटोपी, हात काखेत. त्याचं घर तिथून चालत वीस मिनिटांवर आहे. मी गाडी हळू केली, काच खाली घेतली.

"दिवा नीट विझायच्या आत मारलास," तो म्हणाला. "ऐकलं मी इथून. असे आठ दिवसांत घालवशील."

दिवा विझलेला ऐकू येतो का कधी? मला एवढा राग आला! पहाटे पाचला एवढं चालत आला, आणि आला तो चूक काढायला. गाडी सुरू झाली, बरं झालं, एवढे पाच शब्द त्याच्या तोंडून निघाले नाहीत.

"दोन सेकंदात विझतो ह्या गाडीत," मी म्हणाले. "चष्मा घाल आणि वाच जरा. वेळ नाही मला."

आणि काच वर केली.

मागून शिंपीकाकांनी विचारलं, "कोण होता गं?"

"माझा भाऊ. गाढव आहे."

सहाला दहा कमी असताना काका मशीनवर होते. मॅडमने घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. रूट राहिला. अजून आहे.

दादा लगेच पुढच्या मंगळवारी गेला. गॅरेजातच, स्टुलावरून खाली. मधल्या चार दिवसांत मी गेले नाही आणि तो आला नाही. तेव्हा तुम्ही जे ग्रुपवर लिहिताय, बहिणीवर जीव होता, बहिणीचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, ते काढून टाका. आमचं शेवटचं बोलणं काय झालं ते वर लिहिलंय. त्यात जीव कुठे आहे ते ज्याला दिसत असेल त्याने बघावं, मला तो उलटा स्वेटर तेवढा दिसतो.